उगवतीचा गुडघा

आमच्या आबांच्या तोंडून डावं-उजवं असे शब्द मी घरात कधी ऐकले नव्हते. आबा म्हणजे माझे वडील. अंबडजवळच्या आमच्या गावात त्यांचं सगळं जग चार दिशांना बांधलेलं. ताटातलं मीठ ‘जरा उगवतीला सरकव’, खांद्यावर माशी बसली तर ‘मावळतीच्या खांद्यावर हाय बघ’. आई या भाषेत सुखानं नांदली. मी जालन्याला नर्सिंगला गेले आणि पहिल्याच तोंडी परीक्षेत तोंडावर आपटले.

मॅडमनी माणसाचा प्लास्टिकचा पुतळा समोर ठेवला आणि म्हणाल्या, “डावी किडनी दाखव.” मी ठसक्यात माझ्या डाव्या हाताकडची दाखवली.

“ही उजवी. डावं-उजवं पेशंटचं असतं, तुझं नव्हे,” मॅडम म्हणाल्या. “माणूस ताठ उभा, तोंड समोर, तळहात पुढे. ही ठरलेली पोझिशन. मग तो झोपो नाहीतर उलटा लटको, नावं हिच्यावरूनच.”

मी नापास. पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा.

रविवारी घरी आले आणि आबांनाच अंगणात उभं केलं. तळहात पुढे करायला लावले.

“भीक मागून राह्यलो का मी?” आबा म्हणाले.

“पुस्तकातला माणूस असाच उभा असतो, आबा. आता ऐका. प्रॉक्सिमल म्हणजे धडाजवळचं, डिस्टल म्हणजे धडापासून लांबचं. कोपर खांद्यापेक्षा डिस्टल, पण मनगटापेक्षा प्रॉक्सिमल.”

“म्हंजे आपलं गाव. अंबडला जवळ, जालन्याला लांब. येवढ्यासाठी फी भरली का?”

मला राग आला, कारण पुस्तकात दीड पान होतं ते त्यांनी एका ओळीत उरकलं. तेवढ्यात ते ओट्यावर टेकायला गेले आणि कळवळले. गुडघा.

हा गुडघा म्हणजे त्या वेळी आमच्या घरावरचं संकटच होतं. आबांना उकिडवं बसता येत नव्हतं, आणि आमची म्हैस आबांशिवाय कुणाला सडाला हात लावू देत नव्हती. आईनं प्रयत्न केला तर आई एकीकडे, बालटी दुसरीकडे. म्हैस आटायच्या बेतात आली होती आणि घरात आठवडाभर काळा चहा चालला होता. शेवटी आबा जालन्याच्या दवाखान्यात यायला कबूल झाले, पण एका अटीवर. “एकच सुई. चुकली तर दुसरी टोचून घेणार न्हाई.” आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. पहिलीच सुई बरोबर बसणं भाग होतं.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे झिजलेत, जास्त दुखतो त्यात इंजेक्शन देऊ. त्यांनी दोन्ही हळूच दाबून पाहिले. आबा परक्या माणसासमोर कशाला कण्हतात! दोन्हीला “काई न्हाई” म्हणाले. “कोणता ते सिस्टरला सांगा,” म्हणून डॉक्टर हात धुवायला गेले, आणि मी चिठ्ठी घेऊन खाली औषधाच्या दुकानात.

वर आले तर आबा पलंगावर आडवे, तोंडावर उपरणं. डाव्या गुडघ्यावर पेनानं फुली.

“सिस्टर, हा कशावरून?”

“काकांनी उगवतीचा सांगितला ना. खिडकीतून सकाळचं ऊन येतंय, म्हणजे ही पूर्व. खिडकीकडचा हाच.”

हिशोब बिनचूक होता. तरी मला घरचा ओटा आठवला. घरी आबा ओट्यावर बसतात ते उत्तरेला तोंड करून. परवा कळवळले तेव्हा त्यांनी हात लावला होता तो पूर्वेकडच्या गुडघ्याला. म्हणजे उजव्याला!

मी उपरणं ओढलं. “आबा, हा फुलीवाला कोणता गुडघा?”

“मावळतीचा,” आबा डोळे न उघडता म्हणाले.

“अहो, त्याच्यावर ऊन पडलंय!”

“पडू दे. वावर कधी जागा बदलतं का? मंग माझा गुडघा कसा बदलंल? अन् मला काई इचारू नको. पाय दक्षिणेला करून निजवलंय यांनी. मुडदा निजवतात असा. म्हणून मीच तोंड झाकून घेतलं.”

सिस्टरनं फुली पुसली. परत आलेल्या डॉक्टरांनी उजवा गुडघा या वेळी चांगला जोर लावून दाबला, तशी आबांनी अशी आरोळी ठोकली की बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उठून उभे राहिले. सुई उजव्यातच गेली. मला इतकं हायसं वाटलं की मी सिस्टरच्याच गळ्यात पडले.

दुसऱ्या परीक्षेत मॅडमनी ठरलेली पोझिशन विचारली. मी ताठ उभी राहिले, तळहात पुढे केले आणि “तोंड उत्तरेला” म्हणून गेले. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण किडनी बरोबर दाखवली म्हणून सोडलं.

पास झाल्याचं सांगायला घरी गेले तर आबा गोठ्यात, म्हशीखाली चक्क उकिडवे. बालटीत धार वाजत होती.

“दुसरी बालटी आण,” ते म्हणाले. “तिच्या उजव्या अंगानं ये. डाव्या अंगानं लाथ हाणते.”

मी जागच्या जागी थांबले. “आबा! तुम्हाला डावं-उजवं येतं?”

“न यायला काय झालं?”

“मग दवाखान्यात का नाही म्हणालात?”

“मी म्हैस हाय का?” आबा म्हणाले. “जनावर फिरतं, त्याला कसली उगवती अन् मावळती? ते कुठंबी तोंड करू दे, त्याचं डावं-उजवं त्याच्यासंगच फिरतं.”

मॅडम मला महिनाभर हेच सांगत होत्या. मी गुपचूप म्हशीच्या उजव्या अंगानं बालटी नेऊन ठेवली.