काकू विचारत नाहीत

अंबडमधल्या ज्या घरातली एकही वस्तू कधी रंगमंचावर गेली नाही, ते घर अंबडात नाहीच, असं मी छातीठोक सांगतो. याला जबाबदार आमच्या शेजारच्या काकू. आमच्या नाट्यमंडळाचं वर्षाला एक नाटक होतं आणि त्याचं सगळं सामान जमवायचं काम त्यांनी लग्न होऊन आल्या वर्षीच अंगावर घेतलं. कुणी नेमलं नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, "मंग कोण करणार? तू?"

काकू मागत नसत, नेत. तालमी सुरू झाल्या की आम्ही बसल्या जागेवरून उठायला भीत असू, कारण परत येईपर्यंत खुर्ची असेलच याचा भरवसा नसे. वडिलांची खुर्ची इतक्या राजांच्या बुडाखाली गेली की पुढं वडीलही तिच्यावर जरा ताठच बसायला लागले. प्रयोगाला आई नाटक कमी आणि आपला पितळी तांब्या जास्त बघायची. एकदा खलनायक तो आपटणार, तोच तिनं बसल्या जागेवरून बजावलं, "हळू ठेव रे, घरचाय." त्यानं बिचाऱ्यानं हळूच ठेवला.

एका विनोदी नाटकात खुर्ची मोडायची होती, म्हणून काकूंनी तिचा पाय आधीच कापून ठेवला. नेमकी तीच कुणीतरी उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांना दिली. पाहुणे बसले ते थेट जमिनीवर. आम्ही पाहुण्यांना उचलायला धावलो, काकू खुर्चीला. "आता दुसऱ्या अंकात काय मोडू, साहेब? बघून तरी बसायचं."

मंडळाचा नियम एकच. रंगमंचाच्या पायरीवर नारळ फुटला की तालीम सुरू, आणि मग माघार न्हाई म्हणजे न्हाई. एका वर्षी नायकाला कावीळ झाली, तरी नाटक झालं. पिवळा राजा आम्ही डोळ्यांनी बघितलाय.

यंदा मात्र मंडळानं ठरवलं, नाटक बंद, त्याऐवजी ऑर्केस्ट्रा. हे काकूंच्या तोंडावर सांगायची एकाचीही छाती झाली नाही, म्हणून या शूरांनी त्यांचा सत्कार ठेवला. अध्यक्षांनी अशी काही स्तुती केली की बाई समोर जिवंत बसल्यात हेच विसरायला व्हावं. शेवटी म्हणाले, "नाटकं खूप झाली. आता काकूंनी आराम करावा."

काकूंनी शाल उलटीपालटी करून बघितली. "सरदाराला चालंल," म्हणाल्या. मग सत्काराचा नारळ घेऊन पायरीशी गेल्या, वाकल्या आणि एका दणक्यात फोडला. 

"मी काय थकून राह्यले का? उद्यापासून तालीम. ज्याला यायचं न्हाई त्यानं बिलकुल येऊ नये. त्याच्या घरची खुर्ची मात्र मी नेणार."

अध्यक्ष पॅन्टवरचं नारळाचं पाणी पुसत म्हणाले, "फुटलाच म्हणल्यावर आता काय."

तालमी चालू आहेत. माणसं कमी आहेत, पण येतात. काल काकू आमच्याकडं आल्या. वडील गेल्यापासून त्यांची खुर्ची रिकामीच असते. काकूंनी ती उचलली आणि दोन पावलांवर खाली टेकवली. गुडघे आता ऐकत नाहीत त्यांचं. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "नेऊ का रे?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मला ते विचारणं सोसलं नाही.

"विचारता काय, काकू," मी म्हणालो, आणि खुर्ची डोक्यावर घेऊन त्यांच्या पुढं चालायला लागलो.