सावडीतून गळलेलं घर

मुरबाडकडच्या आमच्या गावात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सावडीने होते. सात-आठ घरं एकत्र येतात. आज तुझं शेत, उद्या माझं. मजुरी नाही, माणसाच्या बदल्यात माणूस.

आमच्या घरचा माणूस म्हणजे बाबा. ‘माणूस सोन्यासारखा, पण...’ असं गाव म्हणायचं. त्या ‘पण’बरोबर आयुष्य काढलं ते आईने आणि मी. शुद्धीत असले की आवणीत बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण दुपारी बांधावर बसायचे, बाटली काढायचे आणि दोन गडी सोबतीला बसवायचे. त्या वर्षी आम्हाला कुणी सावडीला बोलावलंच नाही. म्हणजे आमच्या शेतातही कुणी येणार नव्हतं.

मी चुलतीला विचारायला गेले. ती भाकऱ्या थापत होती. तिने वर पाहिलं नाही.

“तुजा बा सोता पितो नि आमचे गडी पन बसवतो. तुज्यावर राग नाय गो.”

राग नाही म्हणे! रागावली असती तर भांडता तरी आलं असतं.

रोप पिवळं पडायला लागलं होतं. मी वाशिंदच्या कारखान्यातून रजा काढली आणि आम्ही दोघीच चिखलात उतरलो. पलीकडच्या शेतातून थट्टामस्करी ऐकू यायची. आई हातभर अंतरावर होती, तरी इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

एका सकाळी बाबा आपणहून आले. बांधलेली रोपाची मूठ सोडली आणि सरळ लावत सुटले. आईने पदर तोंडाला लावला; ती हसत होती. दुपारी ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून गेले ते गेलेच. आईने त्यांची भाकरी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवली. निम्मं शेत तसंच राहिलं.

दिवाळीनंतर बाबा वारले. लिव्हर संपलं होतं. त्या दिवशी सावडीतल्या प्रत्येक घरातून माणूस आला. कुणी बांबू तोडले, कुणी लाकडं वाहिली, चुलतीने आपल्या घरून चहा आणला. कुणाला सांगावंसुद्धा लागलं नाही.

आई भिंतीला टेकून बघत होती. तिरडी उचलताना ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“आज समदे आलात. आवणीला यायचं व्हतं रे. तवा त्यांना बांधावरनं उठवाला माणूस पायजे व्हता.”