ठिपका नसलेले डोळे

मी विसरत नाही. आई म्हणते, हा गुण आमच्या गोठ्यातल्या म्हशीचा आहे. एकदा दगड मारलेल्या पोराला ती वर्षभरानंतरही शिंगावर घ्यायला धावते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं कुणीतरी माझ्याकडून माफीची वाट बघत बसेल.

नववीत असताना दर रविवारी सणसरहून एसटीनं बारामतीला चित्रकलेच्या क्लासला जायचे. तिथले सर ग्रेड परीक्षेची तयारी करून घ्यायचे आणि त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर नापास होत नाही अशी त्यांची ख्याती होती. कापडाच्या चुण्या, पितळी तांब्या, कांदा, वांगी. माझी वांगी बरी यायची, कारण आमच्या रानात वर्षातले निम्मे दिवस वांगीच असायची. सर शिकवायचे चांगलं, ते मी नाकारत नाही. चेहरा काढायला घेतला की म्हणायचे, "डोळ्यात पांढरा ठिपका ठेवल्याबिगर माणूस जिता होत न्हाय."

घरी आल्यावर मात्र मी वेगळंच काढायचे. मामाच्या पोरीच्या मोबाईलवर आम्ही जपानी कार्टून बघायचो. भाषा कळत नव्हती, पण माणसं कळायची. मोठे डोळे, टोकदार हनुवटी, वारा नसतानाही उडणारे केस आणि कपाळावर घामाचा एकच टपोरा थेंब. त्या एका थेंबात माणसाची सगळी फजिती मावायची. क्लासमधली निम्मी पोरं वहीच्या मागच्या पानावर हेच गिरवत असायची. सर आले की पान उलटं व्हायचं.

एका रविवारी सरांनी स्मरणचित्राला विषय दिला, आठवडी बाजार. आठवून काढायचं म्हटल्यावर मला दुसरं कोण आठवणार? माझी आईच बाजारात भाजी विकायला बसायची. मी तिला काढलं. समोर वांग्यांचा ढीग, डोक्यावर पदर, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडं रोखलेले हे मोठे डोळे, डोळ्यात दोन-दोन ठिपके आणि कपाळावर तो घामाचा थेंब. आई तशीच दिसते. आजही कुणी भाव पाडून मागितला की ती तशीच दिसते.

सरांनी कागद उचलून सगळ्या वर्गाला दाखवला. "ही बाई हाय का घुबड?" वर्ग हसला. मागच्या पानावर हेच काढणारी पोरंही हसली, ती जरा जास्तच. मग सरांनी लाल पेनानं खाली लिहिलं, 'असे काढू नये', आणि कागद दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला. क्लास सुटल्यावर मी तो परत मागितला. सर म्हणाले, "राहू दे तितंच. बाकीच्यांना शिकायला बरं."

मी क्लास सोडेपर्यंत माझी आई त्या खिळ्याला लटकत होती. येणारं-जाणारं पोर तिच्याकडं बघून घू-घू करायचं. माझं नाव 'कार्टून' पडलं, पुढं सरही त्याच नावानं हाक मारायला लागले. परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बसवलंच नाही. हात बिघडलाय म्हणाले. घरी वडिलांनी, आमच्या तात्यांनी, एवढंच ऐकलं, की सरच नको म्हणतात. चित्रकलेच्या कॉलेजचा विषय त्या दिवशी आमच्या घरात संपला. आईला मी काहीच सांगितलं नाही. सांगणार तरी काय, की बारामतीत तुला घुबड म्हणतात?

आता मी इंदापुरात फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. आमच्याकडं माणूस जन्मला की फ्लेक्स, निवडून आला की फ्लेक्स, पडला तरी आभाराचा फ्लेक्स. पूर्वी गॉगल घातलेला फोटो कापून चिकटवला की काम भागायचं. आताची पोरं दुकानात येऊन म्हणतात, "ताई, अ‍ॅनिमेत करून द्या." म्हणजे त्याच जपानी कार्टूनसारखं. भावी सरपंचाला उडते केस पाहिजेत, मागं वीज कडाडलेली पाहिजे. एकानं शर्यतीच्या बैलाचं चित्र करून घेतलं. बैलाचे डोळे मुळातच मोठे, तिथं मला फारसं काही करावं लागलं नाही. ज्या हातानं मला परीक्षेतून घालवलं, त्याच हाताला आता आजूबाजूच्या गावांतून मागणी आहे. हे सरांच्या कानावर कधी जातंय याची मी वाट बघत होते.

तशात सरांचे काही माजी विद्यार्थी दुकानात आले. सर मूळचे नरसिंहपूरकडचे, म्हणून निवृत्तीचा सत्कार इंदापुरात एका मंगल कार्यालयात ठेवला होता. स्टेजवर मागं मोठा फ्लेक्स पाहिजे होता. "पण ताई, फोटो नको. तुमच्या त्या स्टाईलमधी काढा. पोरं खूश व्हत्यात." यातले दोघं माझ्या वर्गात होते, घू-घू करणारे. त्यांनी मला ओळखलं नाही. मी लगेच हो म्हणाले.

इतका जीव ओतून मी कुणाचंच चित्र काढलेलं नाही. रुंद कपाळ, पांढऱ्या मिशा, खांद्यावर शाल, हातात तलवारीसारखा धरलेला ब्रश. केसांचा प्रश्न होता, कारण सरांना ते नव्हते, म्हणून शाल उडवली. फक्त डोळ्यात ठिपका ठेवला नाही. या चित्रांच्या दुनियेत ठिपका नसलेले डोळे म्हणजे मेलेला माणूस, नाहीतर आतून मेलेला. खलनायकाचे डोळे तसेच असतात. हे कुणी शिकवत नाही, पण ही कार्टून बघणाऱ्या प्रत्येक पोराला ते माहीत असतं आणि म्हाताऱ्यांना अजिबात नसतं.

सत्काराला मी नवी साडी नेसून गेले. पुढच्या रांगेतले एक आबा म्हणाले, "लय भारी काढलंय राव!" मागच्या रांगांत मात्र पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. "सरांना व्हिलन केलंय रं," एक जण कुजबुजला आणि भराभर मोबाईल वर झाले. मला वाटलं, आता घू-घू करा की.

सर स्टेजवर चढले. खुर्चीत बसण्याआधी वळून चित्राकडं बघत राहिले. "कुणी काढलं?" त्यांनी विचारलं. पोरांनी मला पुढं ढकललं.

"हात चांगला हाय," सर म्हणाले. हे वाक्य ऐकायला मी अख्खी नववी घालवली होती. "पण डोळ्यातला ठिपका राहिलाय बघ, पोरी. पांढरा रंग असंल तर आत्ता ठेव."

म्हणजे एवढ्या म्हाताऱ्यांत ते एकट्या त्यांनाच दिसलं. क्षणभर माझा हात पुढं गेलाही असता. पण मी म्हणाले, "राहू द्या सर, तितंच. बाकीच्यांना शिकायला बरं."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "कार्टून?" ते म्हणाले. नाव त्यांना आठवलं नाही.

"व्हय सर. कार्टूनच."

मग भाषणं झाली. शाल आणि नारळ घेऊन सर त्या डोळ्यांखाली बसून राहिले आणि अधूनमधून मान वळवून वर बघत राहिले. मला फार बरं वाटलं. अशा वेळी वाईट वाटलं असं सांगायची पद्धत आहे, पण मला बरंच वाटलं. जेवताना मी जिलबी दोनदा मागून घेतली.

कार्यक्रमानंतर लोखंडी चौकट दुकानात परत आली आणि तिच्याबरोबर फ्लेक्सही. जुने फ्लेक्स आमच्याकडं कुणी टाकत नाही. कुणी कांद्यावर घालतं, कुणी गोठ्यावर. हा मी घरी नेला आणि गोठ्याच्या पाऊस येणाऱ्या बाजूला लावला, चित्र आत करून. खिळे मी स्वतः ठोकले.

आता आई रोज त्याच्यासमोर बसून धार काढते. परवा मान वर करून म्हणाली, "कोण गं ह्यो म्हातारा? तोंड चांगलं हाय, पर डोळं मेल्यावानी. एक ठिपका ठेव की बिचाऱ्याला."

घरात पांढरा रंग आहे, ब्रश आहे. गोठ्यात गेलं की माझा हात शिवशिवतो. चूक डोळ्यासमोर ठेवून गप्प बसणं चित्र काढणाऱ्याला सोपं नसतं.

"राहू दे गं आई," मी म्हणाले आणि म्हशीपुढं वैरण टाकली.