आठ दिवसांचे नवरानवरी

टेलरमास्तरांच्या हातून लग्नाची तारीख चुकली ती निव्वळ सवयीने. दुकानाच्या पावतीपुस्तकात ते दिवसातून वीस वेळा तारीख घालत, आणि वर्ष अर्थातच चालू. समुद्रकाठच्या त्या स्वस्तातल्या रिसॉर्टवर फॉर्म भरतानाही त्यांनी लग्नाचा दिवस बरोबर लिहिला, महिना बरोबर लिहिला आणि पुढे चालू वर्ष ठोकून दिलं. एकतीस वर्षांचं लग्न एका फटक्यात आठ दिवसांचं झालं.

मॅनेजरने फॉर्म वाचला, मास्तरांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग त्यांच्या बायकोकडे पाहिलं. या वयात लग्न करायला धाडस लागतं, असं तो मनापासून म्हणाला. हातातली जनरेटरशेजारच्या खोलीची किल्ली परत खिळ्याला अडकवून त्याने वरच्या मजल्यावरची, समुद्राकडची, नवविवाहितांसाठी राखलेली खोली दिली. मास्तर तोंड उघडणार तोच बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला.

गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. काज-बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांना थापा मारणं ही दुकानातली तिची खाती. कापड अजून पिशवीतून बाहेर निघालेलं नसतं आणि बाई सांगतात, तुमचाच शर्ट मशीनवर आहे. मास्तरांचं सगळं उलटं. तळहाताएवढं उरलेलं कापडही घडी घालून परत देणारा हा माणूस. बायकोवर त्यांचा जीव होता, त्यात वाद नाही. पण रस्त्याने ते कायम चार पावलं पुढे चालत. चारचौघांत त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता, लाजायचे. बाई ते हसण्यावारी नेत, पण मनातून त्यांना फार वाईट वाटे.

वरच्या खोलीत पलंगावर टॉवेलांची दोन बदकं केलेली होती. त्यातलं एक आडवं पडलं होतं. एसी आवाज जास्त आणि गारवा कमी देत होता. पण गॅलरीचं दार उघडलं आणि समोर समुद्रच समुद्र. दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांपैकी धड असलेली पकडून बाई बसल्या, त्या उठायला तयार होईनात.

मास्तरांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. ही फसवणूक आहे, मी खाली जाऊन खरं सांगून येतो, असं त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं.

"सांगा की," बाई म्हणाल्या. "मग त्या जनरेटरशेजारी जाऊन राहू."

"आणि पकडले गेलो तर?"

"नव्या जोडप्यासारखं वागलात तर कोण पकडतंय? खोलीबाहेर पडलं की हात धरायचा. खाली बघा, एक तरी जोडपं हात सोडून चालतंय का?"

मास्तरांना घाम फुटला. साबण आणतो म्हणून ते खाली गेले, ते अर्ध्या तासाने वर आले. साबण आणलाच नव्हता. दारात उभं राहून, भिंतीकडे बघत, त्यांनी हात पुढे केला.

"चल. फिरून येऊ."

पहिल्या दिवशी त्यांनी बाईंचा हात कात्री धरावी तसा धरला होता. दुसऱ्या दिवशी पकड सैल झाली. बाईंनी मग मागण्या वाढवल्या. लाटांत उभं राहून फोटो झाला, एका ग्लासात दोन नळ्या झाल्या. प्रत्येक वेळी बाई हळूच म्हणत, मॅनेजर बघतोय हं, आणि मास्तर निमूटपणे करत. शेजारच्या टेबलावरच्या खऱ्याखुऱ्या नवरदेवाला मात्र त्यांनी सांगून टाकलं की तुझ्या पँटचा डावा पाय अर्धा इंच लांब आहे. बाईंना इतकं सुख होत होतं की आपण नवऱ्याला चक्क बनवतोय याची लाजही वाटेना.

चौथ्या दिवशी सकाळी किल्ली द्यायला त्या एकट्याच काउंटरवर गेल्या. खोली आवडली का, मॅनेजरने विचारलं. मग हसत म्हणाला, "मास्तर पहिल्याच दिवशी येऊन सगळं खरं सांगून गेले. मी म्हटलं, खोली रिकामीच आहे, राहा खुशाल. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते, पण आता निघालातच."

बाईंच्या हातातली किल्ली हातातच राहिली. म्हणजे भीती कसलीच नव्हती. तीन दिवस हा माणूस आपल्या मनाने हात धरून फिरला होता, आणि तेही बायकोला थाप मारून. गिऱ्हाइकांना एकतीस वर्षं टोप्या घातलेल्या बाईंचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

"मला काही सांगितलंत हे त्यांना बोलू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

मास्तर दोन्ही हातांत बॅगा घेऊन बाहेर उभे होते. फाटकातून निघून दोघं बसथांब्याच्या रस्त्याला लागली आणि सवयीप्रमाणे मास्तर चार पावलं पुढे गेले.

"अहो," बाई म्हणाल्या, "हात. कुणीतरी बघत असेल."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मास्तरांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि दोन्ही बॅगा एका हातात घेतल्या.

"हो," ते म्हणाले. "सांभाळलेलं बरं."