जावयाच्या गोळ्याला अभ्यंग

स्वच्छ केल्यामुळं माझ्या हातून बिघडलेली वस्तू आजवर एकच, आणि ती नेमकी जावयाची निघाली.

धोंड्याचा महिना होता. लेक संगीता आणि जावई पुण्याहून उमरग्याला आमच्याकडं वाण घ्यायला आले होते. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी मी जावयाशी धड एक वाक्य बोलले नव्हते. (भांडण नव्हतं. मला लाजच फार. 'जेवा' म्हणायचं तरी मी ताटाकडं बघून म्हणते.) दुपारी ती दोघं आणि आमचे हे बाजारात गेले. मी झाडायला लागले, तर जावयाची एक पिशवी जागची हलेना. उघडून बघितली. आत काळा गोळा! लहान कलिंगडाएवढा, वरवंट्याहून भारी, वर तीन भोकं.

हे काय असेल, कळेना. नारळ म्हणावा तर डोळे तीन खरे, पण शेंडी नाही. विचारावं तर घरात कुणी नाही, आणि जावई असते तरी मी विचारलं नसतंच.

एक मात्र दिसत होतं. गोळ्याची पार रया गेली होती. अंगभर बारीक ओरखडे, चमक म्हणून नाही. नवऱ्याच्या वस्तूकडं पोरीनं इतकं दुर्लक्ष करावं? मी तशीही वाणाचं ताट आणि दिवा घासायला बसणारच होते. गोळाही घेतला.

आधी चाळलेल्या राखेनं घासला. एका भोकात कसलीशी पट्टी चिकटली होती, ती सुरीच्या टोकानं खरवडून काढली. मग खोबरेल तेल जिरवलं आणि जुन्या लुगड्यानं तासभर पुसला. असा चमकला, की मी त्यात बघून पदर सारखा केला.

संध्याकाळी जावयानं पिशवी उघडली आणि गोळा उजेडात धरून उलटसुलट करून बघितला.

"संगीता, हे कुणी केलं?"

"आई, तू?"

मी दाराआडून मान हलवली. शाबासकीची वाट बघत होते.

"अगं, तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. परवा यांच्या ऑफिसची मॅच हाय. इथनं परस्पर तिकडंच जायचंय."

"मॅच?" हे म्हणाले. "ह्यानं कुणाचं टाळकं फोडायचंय?"

मग जावयानं समजावून सांगितलं. लांब लाकडी पट्टीवर हा गोळा सोडायचा आणि टोकाला मांडलेल्या दहा खुंट्या पाडायच्या; पट्टीच्या दोन्ही बाजूंना नाली, तिच्यात पडला की डाव फुकट. पट्टीला तेल लावलेलं असतं. गोळा चकचकीत असला की तेलावरून सरळ घसरत जातो. खरबरीत असला की पट्टी पकडतो आणि ऐन वेळी वळतो. म्हणून पॉलिश पेपरनं घासून ते स्वतःच त्याची चमक घालवतात. भोकातली पट्टी अंगठा नीट बसावा म्हणून होती.

(जमिनीला तेल लावायचं आणि घसरतं म्हणून गोळा खराब करायचा! त्यापेक्षा जमीन पुसून घेतली तर? पण विचारणार कोण?)

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पाटा गुळगुळीत झाला की वाटण होत नाही, त्याला टाकी मारून परत खरबरीत करावा लागतो. एवढंच ना? मी छिन्नी-हातोडी घेऊन बाहेर आले आणि जन्मात पहिल्यांदा जावयाच्या तोंडाकडं बघून बोलले.

"टाकी मारून देऊ का?"

जावयानं गोळा पोटाशी धरला.

"नको मामी. पेपर आहे माझ्याजवळ."

त्यांनी आधी कोमट पाण्यात साबणानं गोळ्याचं तेल काढलं. "तेल झालं, आंघोळ झाली," हे म्हणाले, "आता ओवाळून टाका."

दुसऱ्या दिवशी पेपर मीच मागून घेतला. चारी बाजूंनी थोडं थोडं घासायचं, असं जावई म्हणाले होते. पण माझ्या मनाला लागलं होतं ना! डाळ शिजेपर्यंत घासला. धोंडे तळून झाल्यावर परत बसले. जावई दोनदा "पुरे मामी" म्हणाले. मला वाटलं, भिडेपोटी म्हणतात.

मॅच झाल्यावर संगीताचा फोन आला.

"आई, गोळा वळला."

"बघ! मी म्हणलं नव्हतं?"

"लई वळला. अर्ध्या वाटेतच वळून बाजूच्या नालीत गेला. चारदा."

आता जावई गोळा पुण्यातच ठेवून येतात. परवा आले, तर मोबाईलसुद्धा जेवताना खिशातच. एकदाच बाहेर काढला, तेवढ्यात मी बघून घेतलं.

काच लई मळलीय.