हवेतला डब्बा

भंडाऱ्याजवळच्या आमच्या यार्डात कंटेनर उचलून रचणारी लांब हाताची मशीन तो चालवतो. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि वॉकीटॉकीवर अखंड बडबड. कंटेनरचा डब्बा हवेत गेला की मात्र गप्प. अर्धं राहिलेलं वाक्य तो डब्बा टेकल्यावरच पुरं करतो.

परवा मी डब्ब्यांच्या दोन रांगांमध्ये सील तपासत होतो. “काल अड्याळच्या बाजारात वांगे...” म्हणत तो थांबला. डब्बा वर गेला. मग त्याचा हळू आवाज आला. “भाऊ, वर पाहू नोको. माह्याकडं चालत ये. तुही पोरगी कोनत्या शाळेत जाते?”

डब्बा हवेत होता आणि तो बोलत होता. वर न पाहता, शाळेचं नाव सांगत मी त्याच्यापर्यंत पोचलो. तेवढ्यात मागे, मी उभा होतो तिथेच, डब्बा कोसळला.

वांग्यांचं ते वाक्य त्याने अजून पुरं केलेलं नाही.