दुधाची पिशवी आत जाते

गेले तीन आठवडे मी घरी बसून एकच काम करतोय. आमच्या कंपनीचा डेटाबेस, म्हणजे माहितीचा साठा, बऱ्याच मशीनवर, म्हणजे संगणकांवर, पसरलेला आहे. कोणतं मशीन चालू आणि कोणतं बंद, ही बातमी ती मशीनच एकमेकांच्या कानाला लागून पसरवतात, अगदी चाळीतल्या कुजबुजीसारखी. माझं काम म्हणजे ही कुजबुज चालवणारा प्रोग्राम डेटाबेसमधून सोडवून वेगळा काढायचा, म्हणजे तो कुणालाही, कुठंही वापरता येईल. एक गाठ सोडवली की दोन नव्या बसतात. काल तर नुसतं संथ झालेलं एक मशीन बाकीच्यांनी मेलं म्हणून जाहीर करून टाकलं.

आज वैतागून शर्टांचं गाठोडं उचललं आणि जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या सुमनताईंकडे गेलो.

"होता कुठं इतके दिवस?" त्या म्हणाल्या. "कपडे नाहीत, दिसणं नाही. शेवटी दूधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, दारातली पिशवी रोज आत जाते. म्हटलं, मग आहेत."

एवढं बोलून त्यांनी शर्टावर पाणी शिंपडलं.

गप्प मशीनबद्दल आधी शेजारच्या मशीनना विचारायचं, हा नियम मीही लिहिलाय. पण उत्तरासाठी त्यांना काही सेकंदच दिलेत. सुमनताईंची ही चौकशी मात्र या जिन्याखालून सोडवून दुसरीकडे कुठं बसवायची, ते काही सुचेना.

वर आलो, पण कामाला हात लावावासा वाटला नाही. उद्या एक शर्ट घेऊन खाली जायचं ठरवलंय. चुरगळलेला नसला तरी.